लेखनिकाने उत्तर सुचवू नये

दयानंद राव गेले त्याला पाच महिने झाले, तरी त्यांचा फोन वाजायचा. बेंगळुरातल्या मल्लेश्वरमचे शिंपी, घरी ब्लाउज शिवणाऱ्या बायका, कधी एखाद्या शाळेच्या गॅदरिंगचे कपडे शिवून घेणाऱ्या बाई. "अण्णा, सात इंची मरून झिप आहे का? अर्धा डझन पाहिजे होत्या." त्यांची बायको महानंदा सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "दुकान बंद झालं." समोरचं माणूस का म्हणून विचारायचं. "ते गेले," ती सांगायची. भाजीवाल्याला आज कोथिंबीर नको म्हणून सांगावं, तसं.

हे काही बरं लक्षण नव्हे, हे तिचं तिलाही कळत होतं. तेराव्याला जमलेल्या बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या. नणंद तर स्पष्टच म्हणाली, "वहिनी, रडून घ्या हो, आत ठेवू नका." महानंदाने आत शोधून पाहिलं. आत काही नव्हतंच. पुढे एकदा कुकरच्या वाफेने मनगट भाजलं, ते तिला संध्याकाळी फोड आल्यावर कळलं. रोज भात आणि सारु, म्हणजे पातळ सार, करायची, खायची, ताट घासून पालथं घालायची. बनशंकरीच्या त्या दोन खोल्यांत बटणांच्या कार्डांची दोन पोती पडली होती. दुकानाचा बाकी माल चिकपेटेतला व्यापारी घेऊन गेला, बटणं मात्र त्याला नको होती.

वरच्या मजल्यावर पद्मावती राहायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. मल्लेश्वरममध्ये अंध मुलांचं एक छोटं वसतिगृह होतं, तिथे त्या वाचून दाखवायला माणसं पुरवायच्या. एका सकाळी त्या खाली आल्या आणि दारातूनच विचारलं, "महानंदा, तुझं शिक्षण किती गं?"

"पी.यू.सी., बारावी. कन्नड मीडियम."

"पास?"

"पास."

"मग तू चालशील. एक मुलगा आहे, बँकेच्या ऑफिसरच्या परीक्षेला बसतोय. त्याला वाचायला माणूस पाहिजे, आणि परीक्षेत त्याच्या शेजारी बसून तो सांगेल ते उत्तर दाबायला तेच माणूस पाहिजे. नियम असा, की लिहिणाऱ्याचं शिक्षण त्याच्याहून कमी हवं. तो बी.ए. आहे. माझ्याकडे येतात त्या सगळ्या इंजिनियर नाहीतर एम.ए."

"मला इंग्रजी येत नाही अक्का."

"अक्षरं येतात ना? सरी, झालं मग. अक्षरं वाच."

नाही म्हणायला काही कारण हवं असतं. महानंदाकडे तेही नव्हतं.

मुलाचं नाव कृष्णात. सत्तावीस वर्षांचा, निपाणीकडचा. दुपारी दोनपर्यंत एका कंपनीत फोन जोडून द्यायचं काम करायचा आणि तीनला वसतिगृहाच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचा. पहिल्या दिवशी त्याने तिला मॅडम म्हटलं. ती मराठीत म्हणाली, "अक्का म्हण." मग तो तिच्याशी मराठीतच बोलू लागला. बेंगळुरात आपली भाषा कानावर पडली म्हणून त्याला झालेला आनंद त्याच्या आवाजात सरळ दिसत होता.

त्याच्याकडे एक जाड वही होती, कुठल्याशा क्लासच्या नोट्सची झेरॉक्स. दोन हजार चारशे अवघड इंग्रजी शब्द, अर्थांसकट, कडेला कुणीतरी पेनाने केलेल्या खुणा.

"मोबाइल वाचतो की सगळं," महानंदा म्हणाली. तिने ऐकलं होतं तसं.

"वाचतोय की. पर ही झेरॉक्स त्याला दिसत न्हाई नीट, आणि पेनानं लिहिलेलं तर अजिबात न्हाई. आणि दुसरं म्हंजे, परीक्षेत मशीन न्हाई वाचणार अक्का, तुम्ही वाचणार. मला तुमच्या तोंडाची सवय पाहिजे."

ती वाचू लागली. आधी शब्द, मग एकेक अक्षर, मग अर्थ. अबेट, ए-बी-ए-टी-ई, कमी होणे. ऍब्जेक्ट, ऍडमंट, ऍफेबल. चुकीचा उच्चार केला की कृष्णात हसून दुरुस्त करायचा. एकदा तिने मुका पी मोठ्याने वाचला तेव्हा तो म्हणाला, "त्याला बसू दे अक्का गप. तो पाव्हणा हाय, जेवायला आलाय, बोलायला न्हाई."

त्याची पाठ करण्याची एक रीत होती. प्रत्येक शब्द तो एखाद्या माणसाला चिकटवून टाकायचा. गॅर्युलस म्हणजे बडबड्या: वसतिगृहाचा वॉर्डन. फ्रूगल म्हणजे काटकसरी: त्याची आई, चहाची पावडर दोनदा उकळणारी. डिक्रेपिट म्हणजे जुनाट, मोडकळीला आलेला: निपाणी-चिकोडी बस. "तुम्हाला कोण आठवतं?" तो विचारायचा. महानंदा थांबून बघायची. कोणीच आठवायचं नाही. "कुणी नाही. पुढचा घे." एका दिवशी टी अक्षरातले काही शब्द मध्येच काढून वाचताना टॅसिटर्न आला, कमी बोलणारा, आणि तो पटकन म्हणाला, "ह्या तुम्ही." तिला राग आला नाही, हसूही आलं नाही. तिने पुढचा शब्द वाचला.

रोज दीड तास. मेट्रोने यायचं, संपिगे रोडला उतरायचं, चालत वसतिगृहात. त्या वाटेवर त्यांचं जुनं दुकान लागायचं. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकायला होती. ती समोरून जायची, मान न वळवता, पण मान वळू नये म्हणून नव्हे. वळवायला काही वाटतच नव्हतं.

जी अक्षरापर्यंत यायला सव्वा महिना लागला. मंगळवार होता. तिने वाचलं, "गार्डेड. जी-यू-ए-आर-डी-ई-डी."

"ह्याला खूण हाय का बघा. ह्यो फसवा हाय."

खूण होती. तिने इंग्रजी अर्थ वाचला, तुटक तुटक, आणि वाचता वाचता तिचा आवाज मंदावला. "आजाऱ्याबद्दल म्हणतात तेव्हा?" तिने विचारलं.

"तेव्हा म्हंजे भरवसा न्हाई. वाचंल, न वाचंल. घरच्यांना बोलवून घ्या म्हणायचं असलं, की डॉक्टर असं म्हणत्यात."

महानंदाने तो अर्थ पुन्हा पहिल्यापासून मनात वाचला.

दयानंद रावांना स्वादुपिंडाची सूज झाली होती. चार दिवस ते आय.सी.यू.मध्ये होते. बुधवारी डॉक्टर बाहेर आले, तरुण, दमलेले, आणि म्हणाले होते, "अम्मा, कंडिशन स्टेबल आहे, बट गार्डेड." स्टेबल तिला कळलं. गार्डेडही कळलं असं तिला वाटलं. गार्ड म्हणजे पहारा. चारी बाजूंनी मशिनी, नर्सा, काचेचं दार. माणूस पहाऱ्यात आहे, म्हणजे सुखरूप आहे. पुण्याहून पवित्रा, तिची एकुलती एक मुलगी, दर दोन तासांनी फोन करत होती. "आई, मी निघू का? सुट्टी टाकते." महानंदाने तिला सांगितलं होतं, "डॉक्टर म्हणाले, स्थिर आहेत आणि सुरक्षित आहेत. तुझं काम उरक, रविवारी निवांत ये." शुक्रवारी सकाळी दहा वाजता दयानंद राव गेले. मरायच्या आदल्या दिवशी त्यांनी दोनदा विचारलं होतं, "पवी कुठाय?"

"अक्का?" कृष्णातने विचारलं. "झोपला काय?"

"नाही. गाइल. जी-यू-आय-एल-ई. कपट. पुढचा गलिबल. भोळसट." तिने त्या दिवशी एच संपवला. घरी आली, सारु केला, जेवली. काही तरी व्हायला हवं होतं, ते होण्याची ती वाट बघत राहिली. मग भांडी घासली.

रविवारी तिने पवित्राला फोन केला. नेहमी पवित्रा करायची. "काय गं आई, सगळं ओके ना?"

"एक सांगायचं होतं. डॉक्टर तेव्हा सुरक्षित म्हणाले नव्हते. गार्डेड म्हणाले होते. मला अर्थ उलटा लागला. मी तुला माझ्या शब्दांत सांगितलं."

पलीकडे कुणाच्या तरी घरच्या टी.व्ही.चा आवाज येत होता.

"तुला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आज रविवार आहे."

"हो."

"आई, तू मला फक्त तो शब्द सांगितला असतास. जसा ते बोलले तसा. मला माहीत होता गं तो शब्द." पवित्राचा आवाज चढला नाही. "मी तासाभरात एअरपोर्टला असते."

"हो."

फोन ठेवला गेला. पुढचे तीन आठवडे पवित्राचा फोन आला नाही. मग एक मेसेज आला, बी.पी.ची गोळी घेतेस ना, एवढाच. महानंदाने हो लिहिलं.

तिने वसतिगृह सोडलं नाही. का सोडलं नाही असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. उलट घरीही तिने शब्द लिहायला सुरुवात केली. पोत्यातली कार्डं काढली, बटणं कापून एका डब्यात टाकली आणि कोऱ्या बाजूला लिहू लागली: वर शब्द, खाली कन्नडमध्ये अर्थ. दिवसाला वीस. हे तिने आवडीने केलं असं म्हणता येणार नाही. दुपार लांब होती आणि कार्डं भरपूर होती. एवढं मात्र ठरवलं होतं, की कानावर पडलेल्या इंग्रजी शब्दाचा अर्थ आता अंदाजाने लावायचा नाही. रेशनच्या रांगेत, बँकेच्या पाटीवर, औषधाच्या डबीवर, कुठेही. अडला तर विचारायचा.

मे महिन्यात पवित्रा आली. दोन दिवस राहिली. पहिल्या दिवशी दोघी पाण्याच्या टँकरबद्दल आणि मेट्रोच्या नव्या लाइनबद्दल बोलल्या. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर पवित्रा म्हणाली, "अप्पांची दवाखान्याची फाइल कुठाय?"

महानंदाने कपाटातून काढून दिली. पवित्रा जमिनीवर बसून पहिल्या पानापासून मोठ्याने वाचू लागली. स्वतःसाठी वाचत होती की आईसाठी, सांगणं अवघड. मधूनमधून ती थांबून आईकडे बघायची, अर्थ सांगायला तोंड उघडायची. महानंदा मान हलवायची: कळलं, वाच. डिस्टेन्शन कळलं, पोट फुगणं. कोमॉर्बिड कळलं, सोबतीचा दुसरा आजार. इन्सिडियस कळलं, म्हणजे आतल्या आत चोरपावलांनी वाढणारं. बारा पानं झाली. बुधवारच्या पानावर तो शब्द डॉक्टरांच्या अक्षरात होता, अधोरेखित. पवित्राने तोही वाचला, बाकीच्यांसारखाच, आणि पान उलटलं.

फाइल मिटून ती म्हणाली, "त्या दिवशी मीपण डॉक्टरांचा नंबर मागायला हवा होता. दर दोन तासांनी फक्त तुलाच विचारत बसले."

"मला तरी सुचायला हवं होतं."

"जाऊ दे." थोड्या वेळाने तिने विचारलं, "ते माझं नाव काढत होते?"

"दोनदा."

पवित्रा उठून मोरीत गेली, नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिली. महानंदा तिथेच बसली. उठून तिच्या पाठीवर हात ठेवावा हे तिला सुचलं, पण हात उठेपर्यंत नळ बंद झाला होता. रात्रीच्या बसला सोडायला गेल्यावर पवित्राने जाताना तिच्या हाताला नुसता हात लावला. तेवढंच.

त्या आठवड्यात रेस्टिव्ह शब्द उजळणीत आला. रेस्ट दिसतो म्हणून माणसाला वाटतं शांत, पण अर्थ उलटा: चुळबुळणारा, आवरता न येणारा. कृष्णातने सवयीने विचारलं, "कोण?" आणि या वेळी महानंदा म्हणाली, "आमचे हे. दवाखान्यात. नळ्या ओढून काढायचे. दोन्ही हात बांधून ठेवले होते शेवटी."

तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे अक्का. मी दुसरं कोणतरी शोधतो ह्याला."

ऑगस्टमध्ये परीक्षा झाली. केंद्र सर्जापूर रोडच्या टोकाला, एका कॉलेजच्या कॉम्प्युटर हॉलमध्ये. दोघे रिक्षाने गेले, पोचायला दोन तास लागले. आत जाण्याआधी महानंदाला एका फॉर्मवर सही करायची होती. त्यात लिहिलं होतं, लेखनिकाने उत्तर सुचवू नये, आवाजाने, स्पर्शाने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे. तिने सगळा फॉर्म इंग्रजीत वाचला, कुठेही न अडता, आणि सही केली.

कोपऱ्यात त्यांना वेगळी जागा होती. ती प्रश्न वाचायची, चारही पर्याय वाचायची, कृष्णात नंबर सांगायचा, ती माउस दाबायची. पर्याय सगळे एकाच आवाजात वाचायचे हे त्यानेच तिला शिकवलं होतं. गणितात त्याचा वेळ गेला. आकडे डोक्यात धरून धरून तो घामाघूम झाला. इंग्रजीला आले तेव्हा घाई होती. पहिले दहा शब्द भराभर गेले. मग पडद्यावर रेस्टिव्ह आला, याच्या जवळचा अर्थ निवडा.

तिने वाचलं. एक, काम. दोन, अनईझी. तीन, लेझी. चार, चिअरफुल.

"एक," कृष्णात म्हणाला.

महानंदाचा हात माउसवर थांबला. एक म्हणजे शांत, ते चुकीचं होतं; बरोबर होतं दोन, अस्वस्थ. पुन्हा वाचू का, एवढंच विचारायचं होतं. नियमात तेही बसत होतं. पण आतापर्यंत एकदाही तिने आपणहून विचारलं नव्हतं, आणि या एका जागी विचारलं असतं तर कृष्णातला तेवढ्यावरून कळलं असतं. त्याचा कान तसा होता. दोन, असं ओरडून सांगावंसं तिला वाटलं. वर्ष होत आलं होतं, असं काही आत हललं नव्हतं. मागे निरीक्षक बाई उभ्या होत्या.

"एक?" असंही तिने म्हटलं नाही. तिने एकवर दाबलं आणि पुढचा प्रश्न वाचला.

बाहेर आल्यावर कृष्णात खुशीत होता. कॉलेजच्या समोर एक दर्शिनी होती, उभ्याने खायचं छोटं हॉटेल. महानंदाला भूक लागली होती. तिने दोन मसाला डोसे खाल्ले, चटणी दोनदा मागून घेतली, वर कॉफी घेतली. "अक्का, आज तुम्हीच परीक्षा दिल्यासारखं करताय," तो म्हणाला.

निकाल ऑक्टोबरात लागला. पाऊण मार्काने गेला. बरोबर उत्तराला एक मार्क आणि चुकलं की पाव मार्क कापायचा, असा हिशेब होता. कृष्णातला एकेक प्रश्न तोंडपाठ असायचा, त्याने निकाल लागला त्याच दिवशी वसतिगृहात कुणाला तरी विचारून सगळं ताडून पाहिलं होतं. व्हरांड्यात तो खुर्चीवर बसला होता, वही मांडीवर मिटलेली.

"रेस्टिव्ह चुकला माझा," तो म्हणाला.

"हो."

"तुम्हाला ठाऊक होतं, न्हवं? मी एक म्हणालो तेव्हा?"

"ठाऊक होतं."

"तुमच्याच माणसाचा शब्द होता त्यो. मी म्हटलं दुसरं कोणतरी लावतो, आणि लावायचाच ऱ्हायला." मग म्हणाला, "नुसतं खोकला असता तरी चाललं असतं अक्का. एकदा."

महानंदाला त्याला सांगता आलं असतं, की मागे एकदा तिने दुसऱ्याच्या तोंडचा शब्द आपल्या मनाने बदलून पुढे दिला होता, आणि आता ते परत करणार नव्हती. पण ते बोलायला फार मोठं वाटलं. "मी खोकले नाही," ती म्हणाली.

त्याने वही तिच्याकडे दिली नाही. ती थोडा वेळ बसली आणि घरी गेली.

अठरा दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता, पण रागाचाही नव्हता. "क्लार्कची जाहिरात आलीय. जानेवारीत हाय. येताय?"

"येते."

त्या परीक्षेत तो पास झाला. कलबुर्गीजवळच्या एका शाखेत नेमणूक मिळाली. जायच्या दिवशी वसतिगृहातल्या मुलांनी केक कापला, वॉर्डन अर्धा तास बोलत राहिला. कृष्णातने वाकून महानंदाच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "अक्का, त्या दिवशी मी बोलायला नको होतं."

"बोललास ते बरं झालं," ती म्हणाली. यापेक्षा काही जास्त तिला जमलं नाही.

सुरुवातीला त्याचे फोन दर रविवारी यायचे, मग महिन्यातून एकदा. त्याला शाखेत एक मुलगी आवडली होती, असं त्याने आडून आडून सांगितलं. दिवाळीपासून फोन आला नाही. महानंदाने वाईट वाटून घेतलं नाही, की वाटलंच नाही, हे तिलाही पक्कं ठाऊक नव्हतं. पवित्रा मात्र आता बुधवारी-शनिवारी फोन करते. कधी बोलायला काही नसतं, तर दोघी फोन चालू ठेवून आपापला स्वयंपाक करतात.

सध्या वसतिगृहाच्या बायकांच्या बाजूला रम्या नावाची तुमकूरची मुलगी आहे, एकवीस वर्षांची, स्टाफ सिलेक्शनची तयारी करते. तिची पद्धत वेगळी. तिला माणसं-बिणसं जोडायची नसतात, नुसती अक्षरं हवी असतात, पाच वेळा, भरभर. महानंदा संपिगे रोडला उतरते, वाटेत एक कॉफी पिते, तीनला खुर्चीवर बसते आणि वाचायला लागते. परवा ती के अक्षराच्या मध्यावर होती तेव्हा रम्याने हात वर करून तिला थांबवलं आणि कन्नडमध्ये म्हणाली, "अक्का, स्वल्प हळू. आज तुम्ही मला हवं त्याहूनही भरभर वाचताय."